ऑनलाइन टीम गेममध्ये खेळ कसा सुधारायचा? (बीजीएमआय खेळणारी मुले व त्यांचे पालक यांच्यासाठी)



आजचा विषय वाचून काही पालक म्हणतील, "आता गुरुजीच गेम शिकवायला लागले, मग झालंच!" तुमचं म्हणणं मी समजू शकतो. पण संध्याकाळी आपल्या शेलूबाजारात कोणत्याही ओट्यावर नजर टाका. चार पोरं, चार मोबाईल, माना खाली. मध्येच एक जण ओरडतो, "अबे मार ना त्याले!" आणि दोन मिनिटांनी चौघेही एकमेकांवर चिडलेले असतात. खेळू नका म्हणून ती थांबत नाहीत, हे मी लॉकडाऊनपासून पाहतो आहे. म्हणून आज वेगळ्या बाजूने जाऊ. खेळायचंच असेल तर नीट कसं खेळायचं?

ज्या पालकांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीजीएमआय म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया. आधी याच खेळाला सगळे पबजी म्हणायचे. पबजी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. मग दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आणला. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. खेळ असा की शंभर खेळाडू विमानातून एका मोठ्या मैदानावर पॅराशूटने उतरतात. हातात काहीच नसतं. घराघरातून बंदुका, औषधं, हेल्मेट शोधायचं. खेळण्याची जागा म्हणजे 'झोन' हळूहळू लहान होत जातो, बाहेर राहिलं की जीव कमी होतो. शेवटी जो संघ उरतो तो जिंकतो. संघ चौघांचा असतो. एक मॅच साधारण अर्ध्या तासाची.

आता मूळ गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत माझे चार माजी विद्यार्थी घरी आले. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होते, आता बारावीला आहेत. चहा झाला आणि त्यातला एक, जो सगळ्यात जास्त बोलतो, तो म्हणाला, "सर, सगळ्यात जास्त किल माह्याच नावावर हायेत. तरी आम्ही डायमंडच्या वर काहून जात नाही?" मी म्हटलं, तुलाच काय वाटतं? त्याने बाजूला बसलेल्या मुलाकडे बोट दाखवलं. "याच्यामुळं. हा पहिलेच नॉक होते. याले काढून दुसरा घ्याचं म्हणतो मी."

ज्याच्याकडे बोट दाखवलं तो काहीच बोलला नाही. त्याच्या हातात त्याच्या वडिलांचा जुना मोबाईल होता, काचेला तडा गेलेला. हा मुलगा वर्गातही असाच होता. डबा विसरलेल्या पोराला अर्धी पोळी देणारा, पण स्वतःसाठी कधी भांडणार नाही. मला वाईट वाटलं, खरं सांगायचं तर थोडा रागही आला. पण रागावून काही सिद्ध होत नाही. मी घरातली शंभर पानी वही दिली आणि म्हटलं, पुढच्या वीस मॅच लिहून आणा. कोण आधी नॉक झाला, कुठे झाला, त्या वेळी बाकीचे तिघे किती दूर होते, आणि नॉक होण्याआधी शेवटचं वाक्य कोण काय बोललं. किल लिहायचे नाहीत.

पोरांना ते चमत्कारिक वाटलं. पण लिहिलं त्यांनी.

वहीत काय निघालं ते सांगण्याआधी 'नॉक' समजून घ्या. संघातला खेळाडू जखमी झाला की लगेच बाद होत नाही, तो जमिनीवर रांगायला लागतो. साथीदाराने जवळ येऊन दहा सेकंद बसून त्याला उठवलं तर तो परत खेळात येतो. याला रिव्हाइव्ह म्हणतात. दहा सेकंद वाचायला कमी वाटतात. कबड्डीत पूर्ण चढाई तीस सेकंदांची असते, म्हणजे चढाईच्या एक तृतीयांश वेळ तुम्ही शत्रूसमोर हात बांधून बसलेले असता.

वहीत असं दिसलं की निम्म्याहून जास्त मॅचमध्ये सगळ्यात आधी नॉक झालेला तो किलवाला मुलगाच होता! तो एकटा पुढे पळायचा, एखाद-दोघांना मारायचा आणि तिसऱ्याच्या गोळीने पडायचा. मग "उठव मले, उठव मले" असं ओरडायचा. जुन्या मोबाईलवाला धावत जायचा, उघड्यावर बसायचा आणि तोही पडायचा. स्क्रीनवर पडताना दिसायचा तो हाच. लक्षात राहायचं तेही हेच. पहिल्याच्या खात्यात दोन किल जमा, दुसऱ्याच्या खात्यात शिव्या.

चौघांनी वही एकत्र वाचली तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी चष्मेवाला म्हणाला, "मंग आता?"

आता या 'मंग आता'चं उत्तर देऊ.

सगळ्यात मोठी चूक किल मोजण्यात आहे. मोठ्या स्पर्धांमध्ये गुण कसे देतात ते पाहा. तिथे सोळा संघ असतात. पहिल्या संघाला १० गुण, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, मग ४, ३, २ असे उतरत जातात आणि आठव्याच्या पुढे शून्य. प्रत्येक किलचा (बीजीएमआयमध्ये याला फिनिश म्हणतात) १ गुण. आता गणित करा. एका संघाने ७ फिनिश केले आणि बाराव्या क्रमांकावर बाद झाला, तर त्याचे गुण ७. दुसऱ्या संघाने फक्त ३ फिनिश केले पण दुसरा आला, तर ६ अधिक ३ म्हणजे ९. आपण रोज खेळतो त्या रँकच्या मॅचमध्येही किती वेळ टिकलात याला गुण असतात. मग चौघांपैकी तीन जण दहाव्या मिनिटाला बाद होऊन ओट्यावर बसलेले असतील तर एकट्याचे पाच किल काय कामाचे?

पोरं हे का विसरतात? कारण ती व्हिडिओ बघतात. मुंबईचा आदित्य सावंत म्हणजे डायनॅमो, नमन माथुर म्हणजे मॉर्टल, यांची नावं माझ्या चौथीच्या वर्गालाही पाठ आहेत (पाढ्यांपेक्षा पक्की!). पण पोरं बघतात ते अर्ध्या मिनिटाचे तुकडे. अर्ध्या तासाच्या मॅचमधली ती तीस सेकंदं असतात. मॉर्टलच्या टीम सोलने २०१९ ची पबजी मोबाईल इंडिया सिरीज हैदराबादच्या फायनलमध्ये जिंकली, ती चौघांच्या खेळाने. स्पर्धेची पूर्ण मॅच एकदा सलग बघा. बराच वेळ कोणी गोळीच झाडत नाही. बोलतात, नकाशा बघतात, जागा धरतात. कंटाळवाणं वाटेल, पण शिकण्यासारखं आहे ते तिथेच.

आता अंतराविषयी. माझ्या पोरांच्या वहीत नॉकच्या वेळी बाकीचे "लय दूर" असं वारंवार लिहिलेलं होतं. साधा नियम सांगितला. तुझ्यावर जो गोळी झाडतोय, त्याच्यावर तुझ्या साथीदाराला गोळी झाडता आली पाहिजे. तेवढंच अंतर ठेवायचं. फार दूर गेलात तर मदत पोहोचत नाही. फार जवळ, एकाच झाडामागे चौघे उभे राहिलात तर एकच बॉम्ब चौघांना पुरतो. कबड्डीत साखळी धरून चढाईवाल्याला दोन बाजूंनी घेतात, तसं समोरच्याला दोन कोनांतून घ्यायचं. तो एकाकडे वळला की दुसऱ्याला दिसतो.

यासाठी खो-खो आठवा. खो-खोत आठ जण ओळीने बसतात, पण सगळ्यांची तोंडं एका बाजूला नसतात. एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. म्हणूनच पळणारा कोणत्याही बाजूला गेला तरी त्याच्या अंगावर जाणारा कोणीतरी तयार असतो. आपली पोरं मात्र घरात शिरली की चौघेही एकाच खिडकीत! मागच्या जिन्याने कोण आलं ते कळतच नाही. आत शिरल्याबरोबर कोणी कोणती बाजू बघायची हे ठरवून टाका. नंतर ठरवायला वेळ मिळत नाही.

खो-खोतून घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे 'खो' हा शब्द. एकच अक्षर, मोठ्याने, योग्य क्षणी. खो देणारा भाषण देत नाही. वहीतल्या चौथ्या रकान्यात, म्हणजे शेवटचं वाक्य काय होतं तिथे, मला काय सापडलं? "तिकडे तिकडे!", "अबे समोर!", "मागं हाये ना लेका!" आता 'तिकडे' म्हणजे कुठे? चौघांची तोंडं चार दिशांना. माझं समोर ते तुझं मागं.

खेळातच याचा उपाय दिलेला आहे. स्क्रीनच्या वरच्या कडेला होकायंत्राची पट्टी असते. तिच्यावर आकडे असतात. उत्तर म्हणजे ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. तुम्ही वळलात की पट्टी फिरते, पण १८० ही सगळ्यांसाठी दक्षिणच राहते. म्हणून बोलायचं असं: "एकशेचाळीस, दगडामागे, दोन." दिशा, जागा, संख्या. बस. दिशांचा हा धडा आपण प्राथमिक शाळेतच शिकवतो आणि मुलं पेपरपुरता पाठ करतात. त्या दिवशी मी चौघांना अंगणात उभं केलं आणि विचारलं, कारंजा कोणत्या दिशेला? दोघांनी चूक दाखवलं. मग ईशान्य म्हणजे साधारण ४५, आग्नेय १३५, नैऋत्य २२५, वायव्य ३१५ असं उभं राहून, वळून म्हणून घेतलं. बारावीची पोरं अंगणात गोल फिरताना पाहून माझ्या सौ. हसत होत्या. पण आठवड्याभरात 'तिकडे तिकडे' बरंच कमी झालं.

आणि नॉक झालेल्याने गप्प बसायचं, हेही ठरवून घ्या. पडल्यावर एकच माहिती द्यायची, मारणारा कुठून मारतोय. "उठव, उठव" ही माहिती नव्हे. उठवायला जाणाऱ्याने आधी धुराचा बॉम्ब, म्हणजे स्मोक टाकायचा, धूर पसरेपर्यंत थांबायचं आणि मगच जायचं. धूर नसेल, आड नसेल, तर जायचं नाही. हे त्या जुन्या मोबाईलवाल्या पोराला शिकवायला मला सगळ्यात जड गेलं. तो म्हणाला, "सर, तो ओरडते तं मले थांबवत नाही." मी म्हटलं, बाबू, तू पण पडलास तर त्याला उठवणार कोण? यावर त्याने मान हलवली, पण मनातून पटलं नसावं.

झोनची गोष्ट थोडक्यात. पुढचं पांढरं वर्तुळ दिसलं की लगेच ठरवा कुठून जायचं. आपल्याकडे काही लोक घरी चहा पीत बसतात आणि एसटी फाट्यावर दिसली की पळत सुटतात. तसंच पोरं शेवटच्या मिनिटापर्यंत सामान गोळा करतात. मग उशिरा, उघड्या रानातून, घाईत पळावं लागतं आणि आधी पोहोचलेले आरामात टिपतात. दुसऱ्या बंदुकीचा तिसरा सुटा भाग मिळाला नाही तरी चालतं. वेळेवर पोहोचलेल्याला चांगलं झाड मिळतं.

"सर, पण माझा मोबाईलच चांगला नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! याचा हिशेब करू. स्क्रीन सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर प्रत्येक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांचं. ३० चित्रं दाखवत असेल तर ३३. फरक १६ मिलिसेकंदांचा. नेटचा पिंग म्हणजे तुमच्या मोबाईलचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो ५० असेल तर छान, १०० च्या पुढे गेला की त्रास होतो. आता माणसाचं पाहा. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण २०० ते २५० मिलिसेकंद जातात. आणि शत्रू कुठे आहे हेच माहीत नसेल तर त्याला शोधण्यात दोन-तीन सेकंद, म्हणजे दोन-तीन हजार मिलिसेकंद. साथीदाराने "एकशेचाळीस, दगड" म्हटलं असतं तर ते वाचले असते. मोबाईलने फरक पडतो, मी नाही म्हणत नाही. समोरासमोर गोळीबारात अडकणारा मोबाईल रडवतोच. पण नवीन मोबाईलसाठी घरात भांडणाऱ्या मुलाने आधी हा हिशेब वहीत मांडावा. सोयाबीनचा भाव पाहता तुमचे वडील तुमच्यापेक्षा कठीण झोनमध्ये खेळत आहेत.

नेमबाजीचा सराव हवाच. त्यासाठी खेळातच प्रशिक्षण मैदान आहे. तिथे रोज पंधरा मिनिटं एकच बंदूक घ्या. गोळ्या सुटताना बंदूक वर उचलली जाते, ती बोटाने किती खाली ओढायची हे हाताला कळलं पाहिजे. सेन्सिटिव्हिटीचे आकडे रोज बदलू नका. कोण्या यूट्यूबवाल्याचे आकडे त्याच्या मोबाईलसाठी, त्याच्या बोटांसाठी असतात. दोन अंगठ्यांवरून चार बोटांवर जायचं असेल तर सुरुवातीचे काही आठवडे खेळ बिघडणार हे धरून चाला. पेन धरण्याची पद्धत बदलली की मुलाचं अक्षर आधी बिघडतं आणि मग सुधारतं, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. रँकच्या मॅचमध्ये हा प्रयोग करू नका, नाहीतर साथीदारांची बोलणी खाल.

वेळेबद्दल. बीजीएमआयमध्ये १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे आणि पालकांची संमती लागते. पोरं वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या नावाने खातं उघडून ही मर्यादा मोडतात, हे पालकांनी माहीत करून घ्यावं. माझं मत तर तीन तासही फार आहेत असं आहे. दोन मॅच आणि त्यानंतर दहा मिनिटं वही, यात जितकं शिकणं होतं तितकं रात्री दोनपर्यंत आठ मॅच खेळून होत नाही. झोप कमी झाली की वर सांगितलेले २५० मिलिसेकंद वाढतात. हे फक्त मोठ्यांचं नाही. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा सकाळी प्रार्थनेलाच पेंगायचा. चौकशी केली तर तो त्या चष्मेवाल्याचा धाकटा भाऊ निघाला. दादा खेळतो तोवर हा शेजारी जागा राहून बघत असे. दादाला हे माहीतच नव्हतं. त्याला वाटायचं धाकटा झोपलाय.

पैशांबद्दल एकच. पन्नास रुपये भरा, रूममध्ये खेळा, किलमागे पैसे मिळवा, असे मेसेज ग्रुपवर फिरतात. त्यात पडू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्याने बंदी आली आहे. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यात वेगळी, मान्य जागा दिली आहे. २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊला झालेल्या आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्सला पदकं होती. पण तिथपर्यंत पोहोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. "यातच करिअर करतो" म्हणणाऱ्या बारावीच्या मुलाला मी नाही म्हणत नाही. आधी वीस मॅचची वही दाखव, एवढंच म्हणतो. अजून तरी दुसरी वही कोणी आणलेली नाही.

त्या चौघांचं पुढे काय झालं? संघातून कोणालाही काढलं नाही. कामं बदलली. जुन्या मोबाईलवाल्याचा मोबाईल गोळीबाराच्या वेळी अडकतो, पण नकाशा बघायला तो पुरेसा आहे. म्हणून आता तो मागे राहतो, झोन बघतो आणि कुठे जायचं ते सांगतो. मोठ्या संघांत अशा खेळाडूला आयजीएल म्हणतात, म्हणजे मैदानातला कर्णधार. किलवाल्याला पहिले काही दिवस हे फार झोंबलं. "हा सांगन अन् मी ऐकू?" असं म्हणून तो दोन दिवस खेळायलाच आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. अजूनही कधी कधी एकटाच पुढे पळतो, पण आता पडल्यावर आकडा सांगतो.

परवा मी दळण घेऊन येत होतो, तर त्या ओट्यावरून आवाज आला, "थांबा. कोणी जाऊ नका. दोनशेदहा, भिंतीमागं, एक. मी धूर टाकतो, मंग उठवतो." वर्गात ज्याचा आवाज मला कधी ऐकू यायचा नाही, तो हा मुलगा.

डायमंडच्या वर ते गेले का, असं काही जण विचारतील. एकदा गेले होते, परत खाली आले. आता फेब्रुवारीत बारावीचे पेपर आहेत म्हणून चौघांनी गेम मोबाईलमधून काढला आहे आणि वही माझ्याकडे आणून ठेवली आहे. पेपर झाल्यावर परत मागायला येतो म्हणाले. तिची पंधरा-सोळा पानं अजून कोरी आहेत.